चार घटका शास्त्राच्या : कणांच्या अंगची वीज

विजेचें नांव निघालें कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें दोन चित्रें उभीं राहतात. एक आषाढांतील मेघांचें आणि दुसरें भिंतीवरील बटणांचें. पहिलीस आपण हात जोडतों, दुसरीचें बिल भरतों. या दोहोंखेरीज विजेची एक तिसरी जात आहे. ती तारेंतून येत नाहीं कीं मेघांतून उतरत नाहीं. कोरडा पदार्थ दुसऱ्या पदार्थास लागून सुटला कीं ती जन्मास येते, आणि बहुतेक वेळां कोणास न कळतां नाहींशी होते. शास्त्रज्ञ तिला स्थिर विद्युत् म्हणतात. नांव मोठें शांत आहे. परंतु दाणा, भुकटी, पीठ, रवा असल्या कणमय पदार्थांची जेथें खंडोगणती उलाढाल चालते, तेथें या शांत विजेनें माणसांचे बळी घेतलेले आहेत. आमच्या करंजाडे येथून तळोजाची औद्योगिक वसाहत जवळ आहे, न्हावा-शेव्याचें बंदरहि दूर नाहीं. आणि आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें, भाचे, जांवई असल्या कारखान्यांतून रोज जात-येत असतात. तेव्हां हा विषय केवळ जिज्ञासेचा नाहीं.

प्रथम घरांतलेंच उदाहरण घेऊं. ज्या घरांत अद्यापि सोंवळ्याची धाबळी टिकून आहे तेथील मंडळींस सांगावयास नको कीं पौषांतील कोरड्या रात्रीं ती अंगावरून ओढून काढतांना चटचट आवाज होतो, आणि दिवा मालविलेला असल्यास निळसर ठिणग्याहि दिसतात. प्लास्टिकच्या बरणींत सब्जाचें बीं ओता. शेवटचे पांचपन्नास दाणे बरणीच्या कडेस चिकटून बसतील, आणि बोटानें सारावयास जावें तर बोटासच येऊन चिकटतील. गणपतीच्या मखरासाठीं पूर्वीं थर्मोकोल कापीत असत, त्याचे पांढरे मणी दिवाळीपर्यंत घरभर सांपडत. हे सर्व त्याच एका विजेचे खेळ होत.

हें घडतें कसें? दोन निरनिराळे पदार्थ एकमेकांस स्पर्शून विलग झाले म्हणजे एकाच्या पृष्ठावरील थोडासा विद्युद्भार दुसऱ्याकडे जातो. एक धन होतो, दुसरा ऋण. घर्षण हें मूळ कारण नव्हे. घासल्यानें स्पर्शाचीं स्थळें वाढतात, एवढेंच. ग्रीक लोकांस ही गोष्ट अंबरापासून ठाऊक झाली व त्याच पिवळ्या रत्नाच्या ग्रीक नांवावरून इंग्रजींतील विजेचें नांव आलें. आपल्याकडेहि अंबरास तृणमणि, तृणकांत असे शब्द आहेत. म्हणजे गवताची काडी ओढून घेण्याचा त्याचा गुण आपल्या पूर्वजांनीं नीट पाहिलेला होता. लोहचुंबकाकडे सुई जाते त्याचें कारण वैशेषिकांनीं ‘अदृष्ट’ म्हणून सांगितलें, आणि पुढील टीकाकारांनीं तृणकांताची गोष्टहि त्याच सदरांत घातली. कित्येकांस यांत आधुनिक विज्ञानाचें बीज दिसतें. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. ज्याचें कारण कळलें नाहीं त्यास प्रामाणिकपणें ‘न दिसणारें’ म्हटलें, यांतच त्यांची थोरवी आहे. वैशेषिकांचे आद्य आचार्य कणाद. त्यांच्या नांवाचा अर्थच कण वेंचून खाणारा. आजचा आमचा विषयहि कणांचाच असल्यामुळें त्यांचें स्मरण अस्थानीं होणार नाहीं.

आणि गंमत अशी कीं, ‘अदृष्टा’चा अंमल या प्रांतांतून अद्यापि पुरता उठलेला नाहीं. भार वाहून नेणारे इलेक्ट्रॉन, कीं आयन, कीं पृष्ठावरून निघालेले पदार्थाचेच सूक्ष्म तुकडे, याविषयीं पंडितांत वाद आहे. त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे एकाच पदार्थाचे दोन कणहि परस्परांस लागून भारित होतात. पुष्कळदां लहान कण ऋण आणि मोठे कण धन होतात असें आढळतें. ज्वालामुखीच्या राखेच्या लोटांत वीज चमकते ती बहुतांशीं याच मार्गानें. ऑस्ट्रियांतील संशोधकांनीं २०२५ सालीं असें दाखविलें कीं, सिलिकोन रबराचे अगदीं सारखे तुकडे एकमेकांस लावले तर आरंभीं कोण धन व कोण ऋण होईल याचा कांहींच नियम लागत नाहीं. पण तेच तुकडे पुन्हां पुन्हां लावीत गेल्यास त्यांची हळूहळू एक क्रमवारी बसते. कोणाचा कितीदां स्पर्श झाला हा इतिहासच त्या तुकड्याचा स्वभाव ठरवितो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास याचें फारसें नवल वाटूं नये!

आतां कणमय पदार्थांतच ही वीज इतकी कां माजते तें पाहूं. हें सारें पृष्ठभागाचें कौतुक आहे, आणि आमच्या शाळकरी वाचकांस त्याचें गणित सहज करतां येईल. तीन मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या दाण्यांचा एक किलो घेतला तर त्या सर्व दाण्यांच्या अंगाचें क्षेत्रफळ मिळून सुमारें २ चौरस मीटर भरतें, म्हणजे एका लहान सतरंजीएवढें. त्याच वजनाची ३० मायक्रॉनची, म्हणजे मैद्यासारखी बारीक भुकटी घ्या. तिचें क्षेत्रफळ २०० चौरस मीटर होतें. करंजाडे येथील तीन-चार बिऱ्हाडांची मिळून जमीन होईल तितकें पृष्ठ एका किलोच्या पुडींत मावलें! या प्रत्येक तसूवर स्पर्श आणि वियोग घडूं शकतो. मग अशी भुकटी दर तासास कित्येक टन या वेगानें नळींतून धांवूं लागली म्हणजे काय होत असेल याची कल्पना करावी.

कारखान्यांत पदार्थ चाळतात, ओततात, दळतात, आणि वाऱ्याच्या जोरानें नळींतून एका जागेहून दुसऱ्या जागीं फुंकून नेतात. या क्रियांत चाळणें सर्वांत सौम्य व फुंकून नेणें सर्वांत उग्र. ओतल्यानें जेवढा भार येतो त्याच्या हजारोपट भार फुंकून नेल्यानें येऊं शकतो, कारण प्रत्येक दाणा नळीच्या भिंतीवर शेंकडोंदां आदळत जातो. रायगड जिल्ह्यांत नागोठणें येथें पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलीन तयार होतात. असले प्लास्टिकचे दाणे तांदळासारखेच शुभ्र दिसतात आणि नळ्यांतून वाऱ्यावरच प्रवास करितात. ‘रायगड म्हणजे भाताचें कोठार’ असें आम्ही वर्गांत शिकवीत आलों. त्याच जिल्ह्यांत आज हे न शिजणारे तांदूळहि पिकतात, यास काळाचा महिमा म्हणावें.

परंतु खऱ्या तांदळांत आणि या तांदळांत एक मोठा भेद आहे. भाताच्या दाण्यांत ओल असते. ती ओल विजेला वाट देते, आणि दाण्याच्या अंगीं आलेला भार लागलाच निथळून जमिनींत जातो. शुद्ध प्लास्टिक पाणी पीत नाहीं आणि विजेस वाटहि देत नाहीं. त्याच्या अंगावरचा भार अर्धा अर्धा तास, कधीं कित्येक तास तसाच राहतो. असे दाणे उंच कोठींत पडूं लागले म्हणजे खालीं रास होते, तीवर आणखी दाणे येतात, वरच्यांच्या वजनानें खालचे दाटले जातात आणि सर्वांचा समान भार थोड्या जागेंत कोंडला जातो. सरतेशेवटीं राशीच्या उतारावरून कोठीच्या भिंतीकडे विजेच्या रेघा सळसळत धांवतात. अंधाऱ्या कोठींत कॅमेरा ठेवून त्यांचीं छायाचित्रें घेतलेलीं आहेत. येथें कोठीस नुसतें अर्थिंग करून भागत नाहीं. भिंतीवरचा भार जमिनींत जाईल. राशीच्या पोटांतला दाणा भिंतीपाशीं येणार कधीं?

कोंकणी वाचक येथें विचारतील कीं, आमच्याकडे हवेंत एवढी दमट असतां ही वीज टिकते कशी? शंका योग्य आहे. हवेंतील आर्द्रता शेंकडा साठ-पासष्टाच्या वर गेली कीं कापूस, कागद, लांकूड यांच्या अंगावर पाण्याचा अदृश्य पापुद्रा बसतो आणि भार टिकत नाहीं. म्हणूनच धाबळी श्रावणांत चटचटत नाहीं. परंतु प्लास्टिकवर हा पापुद्रा नीट धरत नाहीं. शिवाय कारखान्यांतील भुकटी बहुधा शोषकयंत्रांतून कोरडी ठणठणीत होऊन येते, आणि पुष्कळ ठिकाणीं खोलीची हवाहि मुद्दाम कोरडी केलेली असते. बाहेर मुसळधार पाऊस आणि आंत राजस्थानचा माघ, अशी तेथील स्थिति असते. पावसाळा हा आपला विमा आहे असें मानून चालणारा व्यवस्थापक सालांतील चार महिनेहि सुरक्षित नसतो.

जातां जातां काफीची गोष्ट सांगतों. काफीच्या बिया दळतांना भुकटी भारित होऊन यंत्रास चिकटते व तिचे गोळे होतात. दळण्यापूर्वीं बियांवर किंचित् पाणी शिंपडलें तर हा त्रास कमी होतो, हें काफी करणाऱ्यांस अनुभवानें ठाऊक होतें. अमेरिकेंतील ऑरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनीं ज्वालामुखीचा अभ्यास करणाऱ्यांस जोडीला घेऊन २०२३ सालीं त्याचें शास्त्र प्रसिद्ध केलें. माटुंग्याकडील आमच्या आप्तांनीं प्रयोग करून पाहावा. परंतु पाणी थेंबभरच घ्यावें, नाहींतर यंत्र बिघडल्याचा दोष आमच्या माथीं येईल.

ही वीज केवळ खोडसाळ आहे असेंहि नव्हे. जर्मनीतील गटिंगेन येथें लिख्टेनबर्ग नांवाच्या प्राध्यापकास १७७७ सालीं असें दिसलें कीं, भारित केलेल्या राळेच्या वडीवर धूळ बसली कीं तिची ताऱ्यांसारखी, फांद्यांसारखी नक्षी उमटते. ही धुळीची नक्षी दीड शतकाहून अधिक काळ नुसती करमणूक म्हणून राहिली. पुढें २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं न्यूयॉर्कमधील अॅस्टोरिया येथें चेस्टर कार्लसन यानें याच तत्त्वावर कागदाची पहिली कोरडी नक्कल काढली. तहसील कचेरीबाहेर सातबाराच्या उताऱ्याची झेरॉक्स काढतांना यंत्रांतील काळी भुकटी नेमक्या अक्षरांवरच बसते ती भाराच्या ओढीनें. आणि पुष्कळ यंत्रांत ती भुकटी बारीक मण्यांत घोळल्यामुळें भारित होते. केरळांतील चवरा येथें समुद्राच्या काळ्या वाळूंतून निरनिराळीं खनिजें वेगळीं करितात तेथेंहि उच्च दाबाची स्थिर विद्युत् उपयोगी पडते. सुपांत पाखडून निघत नाहीं तें विजेनें पाखडतां येतें.

आतां धोक्याकडे वळूं. माणसाच्या अंगांत चालतां-बोलतां दहा हजार व्होल्टचा दाब सहज चढतो. एवढ्यानें माणूस मरत कां नाहीं, असा प्रश्न विद्यार्थी आम्हांस नेहमी विचारीत. उत्तर असें कीं, दाब मोठा पण मात्रा अत्यल्प. सातव्या मजल्यावरून पडलेला पाण्याचा थेंब डोक्यास लागेल, परंतु माणूस त्यांत बुडणार नाहीं, तसेंच हें. ठिणगीची शक्ति मोजली तर ती सात-आठ मिलिज्यूल भरते. त्वचेस ती टांचणीसारखी टोंचते, आणि आपण हात झटकून मोकळे होतों. परंतु टोलुईन, मिथेनॉल यांसारख्या द्रवांच्या वाफेस पेट घ्यावयास मिलिज्यूलचा चौथा हिस्साहि पुरतो. म्हणजे जी ठिणगी आपल्यास नुसती चिमटा काढते, तींत ती वाफ तीस वेळां पेटविण्याइतका ऐवज असतो. पीठ, साखर यांची हवेंत उडालेली धूळ तितकी चटकन् पेटणारी नव्हे. तिला तीस-पन्नास मिलिज्यूल लागतात. तेवढी शक्ति माणसाच्या अंगांत बहुधा नसते, पण अर्थिंग न केलेल्या लोखंडी पिंपांत किंवा नरसाळ्यांत असूं शकते.

येथें एक भेद ध्यानीं धरावा. धातूचें भांडें जमिनीपासून तुटलेलें असलें तर तें आपल्या अंगचा सर्व भार एका ठिणगींत देऊन टाकतें. प्लास्टिक कंजूष आहे. तें जेवढ्या तुकड्याजवळ बोट आलें तेवढ्याचाच भार सोडतें. म्हणून प्लास्टिकची ठिणगी पिसाऱ्यासारखी, विसविशीत असते व तिची शक्ति चार मिलिज्यूलच्या पलीकडे सहसा जात नाहीं. पिठाच्या धुळीस ती पेटवूं शकत नाहीं. परंतु द्रवाच्या वाफेस चार मिलिज्यूल म्हणजे मेजवानी आहे.

धुळीचा स्फोट होतो यावर अजूनहि कित्येकांचा विश्वास बसत नाहीं. इटलींतील ट्यूरिन शहरीं १४ डिसेंबर १७८५ रोजीं एका पाववाल्याच्या कोठारांत पीठ उडालें आणि दिव्याच्या ज्योतीवर भडकलें. या जातीच्या स्फोटाचें पहिलें शास्त्रीय वर्णन तें हेंच. अमेरिकेंत मिनियापोलिसची प्रचंड पिठाची गिरणी २ मे १८७८ रोजीं उडाली, १८ माणसें गेलीं. त्याच देशांतील जॉर्जिया राज्यांत ७ फेब्रुवारी २००८ रोजीं साखरेच्या कारखान्यांत साखरेची धूळ पेटून १४ कामगार मेले. आपल्या शेजारच्या तेलंगणांत, पाशमैलारम येथें ३० जून २०२५ रोजीं झालेल्या स्फोटांत चाळीसांहून अधिक कामगारांचा अंत झाला; तेथें बनत होती ती औषधाच्या गोळ्यांना आकार देणारी सेल्युलोजची पांढरी निरुपद्रवी भुकटी. या सर्व ठिकाणीं पहिली काडी स्थिर विजेनेंच लाविली असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं; ट्यूरिनला तो दिवा होता, मिनियापोलिसला जात्याच्या दगडांची ठिणगी. सांगावयाचें तें इतकेंच कीं, जो पदार्थ आपण खातों किंवा औषधांत घेतों तो हवेंत उडाला म्हणजे दारूगोळा होतो, आणि मग ठिणगी कोठून आली हा नुसता तपशील राहतो.

आतां ज्या प्रकरणामुळें हा लेख लिहावयाचें मनांत आलें तें सांगतों. आमच्या वसाहतींत एक मोठें एकत्र कुटुंब आहे. तेथील चिरंजीव रसायनशास्त्र शिकून दोन वर्षें एका कारखान्यांत नोकरीस आहेत. कारखान्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तेथें टोलुईन भरलेल्या पात्राच्या तोंडांतून प्लास्टिकच्या अस्तराच्या पिशव्यांतील भुकटी हातानें ओततात. पिशवी झटकतांना मुलाच्या हातास झिणझिण्या येत. त्यानें वरिष्ठांस विचारलें. उत्तर मिळालें, “दहा वर्षें असेंच ओततों आहों, आजवर कांहीं झालें नाहीं.” पुढें घाईच्या दिवसांत अर्थिंगचे चिमटे लावण्यांत वेळ जातो म्हणून तेहि खुंटीस टांगले गेले. मुलगा हट्टास पेटला. घरीं बोलणीं झालीं. आजोबा एके दिवशीं संध्याकाळीं आमच्याकडे आले व म्हणाले, “मास्तर, तुमचें तो ऐकतो. त्यास दोन शब्द सांगा. नोकरी नवी, बहिणीचें लग्न ठरलेलें. वरिष्ठांशीं वाद घालण्याचे हे दिवस नव्हेत.”

मुलाकडून सर्व हकीगत ऐकून घेतल्यावर आम्हीं जे दोन शब्द सांगितले ते मुलास नव्हे, आजोबांस. टोलुईनची वाफ हवेंत शेंकडा १.१ पासून सुमारें ७ पर्यंत असेल तर ती पेटते; त्याहून कमी असली तर विरळ, अधिक असली तर दाट म्हणून पेटत नाहीं. आतां झांकलेल्या पात्रांत, पनवेलच्या नेहमींच्या तीस अंश उष्णतेंत, द्रवावर जी वाफ सांचते तिचें प्रमाण सुमारें शेंकडा पांच होतें. युरोपांतील हिवाळ्यांत कदाचित् विरळ राहिली असती. आपल्या हवेंत ती नेमकी घातक मर्यादेच्या आंत बसते. म्हणजे पात्राचें तोंड उघडतांच सरण रचून तयार असतें. राहतां राहिली ठिणगी. ती पिशवीच्या अस्तरावर रोज जन्मते. पुरेशी मोठी झाली नाहीं, योग्य जागीं पडली नाहीं, एवढाच आजवरचा योग. दहा वर्षें कांहीं झालें नाहीं ही सुरक्षितपणाची साक्ष नव्हे. सोंगट्यांचा डाव दहा वेळां आपल्या बाजूनें पडला म्हणून अकराव्यानें तसेंच पडावें, असें फांशांनीं कोणास वचन दिलेलें नसतें. आजोबा गणिताचे माणूस. युक्तिवाद त्यांस पटला, पण मन मानेना. “मग त्यानें नोकरी सोडावी का?” असें त्यांनीं विचारलें.

सोडूं नये असें आमचें मत पडलें, कारण त्याच्या जागीं जो येईल त्यास कदाचित् हें ठाऊकहि नसेल. उपाय अवघड नाहींत. भुकटी आधीं घालावी, द्रव मागाहून सोडावा, किंवा बंद नळीनें भुकटी आंत न्यावी. पात्रांत नायट्रोजन वायु भरून ठेवावा, म्हणजे जळावयास प्राणवायुच उरत नाहीं. हा राजमार्ग होय. प्लास्टिकच्या अस्तराऐवजीं कागदी किंवा वीज निथळवून टाकणारें अस्तर घ्यावें, आणि कांहीं झालें तरी रिकामें अस्तर पात्राच्या तोंडावर झटकूं नये. पिंप, नरसाळें, फावडें, जें जें धातूचें तें तें जमिनीशीं जोडलेलें असावें. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत उपेक्षित. न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या गाड्यांवर मोठमोठ्या जंबो पिशव्या दिसतात. त्यांपैकीं एका जातींत वीजवाहक धागे विणलेले असतात. त्या पिशवीस अर्थिंगचा चिमटा लावला तर ती उत्तम. न लावला तर साध्या पिशवीपेक्षांहि घातक, कारण आतां ती कंजूष प्लास्टिक न राहतां सर्वस्व एका दमांत देणारा धातू झालेली असते. आमच्या नव्या विमानतळावर ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उद्घाटनाचा समारंभ झाला. तेथें विमानांत इंधन भरण्यापूर्वीं विमान आणि इंधनगाडी एका तारेनें जोडतात तेंहि याच कारणास्तव. विमानास जी तार लागते ती तळोजाच्या पिंपास नको, असें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे?

कायदाहि मुलाच्या बाजूस आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३७ व्या कलमांत स्फोटक धूळ व वाफ यांचा आणि ठिणगीच्या सर्व संभवांचा बंदोबस्त करण्याचें कर्तव्य मालकावर घातलें होतें. भोपाळच्या आकांतानंतर १९८७ च्या दुरुस्तीनें कामगारास धोका नजरेस आणून देण्याचा हक्क मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो जुना कायदा जाऊन २०२० ची व्यावसायिक सुरक्षिततेची संहिता अंमलांत आली आहे, आणि तींतहि हा हक्क राखलेला आहे. मुलानें वाद न घालतां अर्ज लिहावा, त्यांत तारीख, पदार्थाचें नांव व उष्णता लिहावी, आणि नक्कल आपल्याजवळ ठेवावी, असें आम्हीं सुचविलें. भाषा आम्हींच तपासून दिली. दोन ठिकाणीं ‘कृपया’ घातला आणि एका ठिकाणचा ‘निष्काळजीपणा’ काढून ‘अनवधान’ केला. पंधरा दिवसांनीं चिमटे खुंटीवरून उतरले. अस्तरें बदलावयाचीं ठरलें आहे. नायट्रोजनाचा खर्च मात्र वरिष्ठांच्या विचाराधीन आहे, आणि तो तेथेंच फार दिवस राहूं नये म्हणून दुसरा अर्ज तयार होत आहे.

एक गोष्ट राहिली. मुलाच्या हातास झिणझिण्या येतात हें कळल्यावर त्याच्या मातोश्रींनीं आपल्या पैशांतून त्यास जाड रबरी तळव्यांचे बूट घेऊन दिले होते. घरांत विजेचें काम करतांना पायांत रबरी चप्पल असावी हें आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकलेलें; त्यांचें वात्सल्य त्याच वाटेनें गेलें. परंतु भिंतीतली वीज आपल्या अंगांतून जमिनींत जाऊं नये म्हणून रबर हवें असतें, आणि ही वीज आपल्या अंगांत सांचूं नये म्हणून जमिनीशीं वाट हवी असते. जाड रबर घालून उभा राहिलेला माणूस म्हणजे अर्थिंग तोडलेलें पिंपच. यासाठीं निराळे बूट मिळतात. त्यांचा रोध एक लक्ष ओमपेक्षां कमी नसतो, म्हणजे चुकून विजेच्या तारेस हात लागला तरी थोडा आधार राहतो. आणि दहा कोटी ओमपेक्षां अधिक नसतो, म्हणजे अंगावरील भार क्षणांत निथळून जातो. त्यांच्या तळव्यांस रंग, राळ, चिखल माखला कीं गुण जातो, म्हणून ते पुसून स्वच्छ ठेवावे लागतात. मातोश्रींस हें समजावून सांगण्याचें काम आजोबांनीं आमच्यावर सोंपविलें. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें, निराळ्या बुटांची किंमत विचारली, आणि आधींचे रबरी बूट गांवीं दिरांकडे पाठवून दिले. आवणीच्या दिवसांत चिखलांत ते उपयोगीं पडत आहेत.